तुलनामान आणि संख्येचा अंदाज : एका संकल्पनेचा इतिहास

१

‘तुलना’ या शब्दाच्या मुळाशी ‘तुला’ आहे. तुला म्हणजे तराजू. एका पारड्यात माल, दुसऱ्या पारड्यात वजन, आणि काटा कोठे स्थिरावतो त्यावरून निर्णय, ही क्रिया सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. दुसऱ्या पारड्यातील वजन आधीच ठरलेले असते. मालाच्या संगतीने ते बदलत नाही, आणि मालाच्या भारातही त्याच्यामुळे फरक पडत नाही. मनातल्या मनात केलेल्या तुलनेला ही हमी मिळत नाही. तेथे दुसऱ्या पारड्यात काय पडले आहे हे तोलणाऱ्यालाच पुष्कळदा ठाऊक नसते, आणि जे पडले असेल ते पहिल्या पारड्यातील वस्तूला आपल्याकडे ओढते किंवा आपल्यापासून दूर लोटते.

ज्याच्याशी तुलना करायची त्या मानाला व्याकरणाने फार पूर्वीच स्वतंत्र स्थान दिले. ज्याच्याहून भेद दाखवायचा त्या पदाला पाणिनीने पंचमी सांगितली आहे. मराठीत हे काम ‘हून’ आणि ‘पेक्षा’ करतात. त्यांपैकी ‘पेक्षा’ हे ‘अपेक्षा’ या संस्कृत शब्दाचेच झिजलेले रूप होय. संस्कृतात तरतमभाव विशेषणाला लागणाऱ्या प्रत्ययानेही दाखवता येतो; मराठीत विशेषण जसेच्या तसे राहते आणि तुलनेचा सगळा भार मान दाखवणाऱ्या पदावर पडतो. ‘हे पोते त्या पोत्यापेक्षा जड आहे’ या वाक्यात मान उघड आहे. ‘हे पोते जड आहे’ या वाक्यात ते दिसत नाही. तरीही ते असतेच, कारण कशाच्या तरी अपेक्षेने असल्यावाचून ‘जड’ या शब्दाला अर्थ राहत नाही.

या अनुच्चारित मानाचा संख्येच्या अंदाजावर काय परिणाम होतो, हा प्रश्न प्रयोगशाळेत कसा उत्पन्न झाला आणि पुढे त्याचे रूप कसे पालटत गेले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. हा सुमारे एकशे ऐंशी वर्षांचा इतिहास पाहता दोन गोष्टी निष्पन्न होतात. तुलनामान हा निर्णयाचा घटकच आहे. त्याला वगळून निर्णय होत नाही. आणि जेथे उत्तर संख्येत द्यायचे असते तेथे हे मान बहुधा विचारलेल्या प्रश्नाच्या शब्दांतून आत येते. यांतील दुसरी गोष्ट भाषाभ्यासकाच्या विशेष कक्षेतील आहे. परंतु ती पूर्णपणे स्पष्ट होण्यास विसाव्या शतकाची अखेरची पंचवीस-तीस वर्षे उजाडावी लागली.

२

निर्णय सापेक्ष असतो ही जाणीव प्रयोगशाळेहून जुनी आहे. एक हात गार व एक हात ऊन असताना दोन्ही हात एकाच पाण्यात घातले, तर तेच पाणी एका हाताला ऊन आणि दुसऱ्याला गार लागते, हा जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस दिलेला दाखला प्रसिद्ध आहे. परंतु या सापेक्षतेला मोजमाप लावण्याचे काम लाइपत्सिग येथील शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट हाइनरिख वेबर याने केले. स्पर्शज्ञानावरील त्याचा लॅटिन ग्रंथ १८३४ साली प्रसिद्ध झाला. दोन वजनांतील फरक ओळखता येतो की नाही, हे त्या फरकाच्या स्वतःच्या मापावर अवलंबून नसून मूळ वजनाशी त्याच्या असलेल्या प्रमाणावर अवलंबून असते, असे त्याला आढळले. हाताने उचललेल्या वजनांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे एकचाळीसांश भरते. म्हणजे ४० तोळ्यांवर १ तोळा वाढला तर तो जेमतेम कळतो. ८० तोळ्यांवर तोच १ तोळा कळत नाही, २ लागतात. गुस्ताफ थेओडोर फेख्नर याने १८६० सालच्या आपल्या मनोभौतिकीवरील ग्रंथात यालाच गणिती नियमाचे रूप दिले.

फेख्नरच्या परंपरेतील प्रयोगांत एक प्रमाणवजन असे, आणि प्रत्येक वेळी त्याच्याशी दुसऱ्या वजनाची तुलना करावी लागे. तुलनामान प्रयोगकर्त्याने ठरवायचे आणि निरीक्षकाने तेच वापरायचे, ही या पद्धतीची मूळ अट होती. ती पाळली जात नाही हे लवकरच दिसू लागले. दोन समान वजने एकामागून एक उचलली तरी ती समान वाटतातच असे नाही, हे स्वतः फेख्नरने नोंदवले होते. पुढे लिलियन मार्टिन व गेऑर्ग एलिआस म्युलर यांनी १८९९ साली दाखवून दिले की, निरीक्षक पुष्कळदा प्रमाणवजनाशी तुलना करण्यापूर्वीच समोरच्या वजनाला ‘जड’ किंवा ‘हलके’ म्हणून मोकळा होतो. या प्रत्ययाला त्यांनी ‘निरपेक्ष ठसा’ असे नाव दिले. हे नाव फसवे होते. ठसा निरपेक्ष नव्हता. त्याचे मान प्रयोगकर्त्याने दिलेल्या मानाहून वेगळे होते, एवढेच.

हे वेगळे मान कोठून येते, याचे उत्तर पुढच्या दोन संशोधनांत मिळते. हॅरी हॉलिंगवर्थ याने १९१० साली असे दाखवले की, आकारांच्या एखाद्या मालिकेतील लहान आकार असतात त्याहून मोठे आणि मोठे आकार असतात त्याहून लहान अंदाजले जातात. अंदाज मालिकेच्या मध्याकडे सरकतात. तोच आकार वेगळ्या मालिकेत घातला की त्याचा अंदाजही वेगळा होतो. अर्नेस्ट वेव्हर व कार्ल झेनर यांनी १९२८ साली प्रमाणवजन काढूनच टाकले आणि निरीक्षकांना केवळ ‘हलके’, ‘मध्यम’, ‘जड’ असे सांगावयास लावले. जड वजनांच्या मालिकेला सरावलेल्या निरीक्षकापुढे हलकी मालिका आली, तेव्हा प्रथम त्याने जवळजवळ प्रत्येक वजनाला ‘हलके’ म्हटले. काही फेऱ्यांनंतर त्याच वजनांत त्याला पुन्हा जड-हलके दिसू लागले. बाहेरून मान दिले नाही तर मन अनुभवातून स्वतःचे मान घडवते आणि अनुभव बदलला की ते हळूहळू बदलते, असा याचा अर्थ होता.

३

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ या मानाला ‘अँकर’ म्हणजे नांगर म्हणू लागले. येथे शेतातील नव्हे, जहाजाचा नांगर अभिप्रेत आहे. विल्यम हंट व जॉन व्होल्कमन यांच्या १९३७ सालच्या प्रयोगात रंगांची सुखदता सात पायऱ्यांच्या श्रेणीवर सांगावयाची होती. कल्पनेत येईल तो सर्वांत सुखद रंग म्हणजे सातवी पायरी, असे मध्येच सांगताच समोरच्या रंगांचे गुणांक खाली आले. नांगर डोळ्यांपुढे असावा लागत नाही. शब्दाने सुचवलेली कल्पनाही नांगराचे काम करते, ही या प्रयोगाची खरी शिकवण होती.

याच सुमारास मुझफर शेरीफ या तुर्की मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली संख्येच्या अंदाजाचा एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्ण अंधाऱ्या खोलीत स्थिर ठेवलेला प्रकाशाचा बिंदू हलल्यासारखा दिसतो. तो किती इंच हलला हे सांगावयाचे होते. वस्तुतः तो हललेलाच नसल्यामुळे बरोबर उत्तर असे नव्हतेच. एकट्या बसलेल्या माणसाने काही वेळात स्वतःपुरता एक आकडा ठरवला आणि पुढचे अंदाज त्याच्या आसपास ठेवले. अनेकांना एकत्र बसवल्यावर त्यांचे आकडे एकमेकांकडे सरकत गेले. आणि नंतर पुन्हा एकटे बसवल्यावरही समूहात ठरलेला आकडा टिकून राहिला. कोणतेही बाह्य माप नसताना दुसऱ्याने उच्चारलेली संख्या हेच मान बनले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या साऱ्या निरीक्षणांना एका सूत्रात गोवण्याचा मोठा प्रयत्न हॅरी हेल्सन याने केला. १९४७ सालच्या त्याच्या निबंधात, आणि १९६४ सालच्या ग्रंथात अधिक विस्ताराने, ‘समायोजन-पातळी’ची कल्पना मांडलेली आहे. समोरच्या वस्तू, भोवतालची पार्श्वभूमी आणि पूर्वानुभव या तिहींच्या भारित गुणोत्तरमध्याने मनात एक शून्यबिंदू ठरतो, आणि प्रत्येक वस्तू त्या बिंदूच्या वर किंवा खाली म्हणून जाणवते, असे हे मत आहे. २०० ते ४०० ग्रॅमच्या वजनांची मालिका तोलताना मध्ये ९०० ग्रॅमचे वजन उचलावयास दिले की मालिकेतील वजने हलकी वाटू लागतात. ९० ग्रॅमचे दिले की तीच जड वाटतात.

तथापि हातात आलेले प्रत्येक वजन मान बनत नाही. डॉनल्ड ब्राउन याने १९५३ साली आपल्या निरीक्षकांना वजने तोलता तोलता मध्येच एक तबक उचलून बाजूला करावयास सांगितले. तेवढाच भार मालिकेतील वजन म्हणून दिला असता निर्णय बदलत. तबक म्हणून उचललेल्या भाराने ते बदलले नाहीत. म्हणजे मान होण्यासाठी वस्तूची गणना तुलनेच्या वर्गात व्हावी लागते, आणि ही गणना इंद्रिये करीत नाहीत. ‘वजन’ आणि ‘तबक’ हा भेद नामाचा आहे.

४

येथपर्यंतच्या इतिहासात दोन परस्परविरुद्ध परिणाम शेजारी शेजारी नोंदले गेलेले दिसतात. त्यांच्यासाठी ध्वनिविचारातील दोन संज्ञा सोयीच्या आहेत. हेल्सनच्या प्रयोगात मान जड असले की वस्तू हलकी वाटते. हे विषमीभवन झाले. शेरीफच्या प्रयोगात दुसऱ्याचा आकडा मोठा असला की आपलाही आकडा वाढतो. हे समीभवन झाले. शेरीफ, टाउब व हॉव्हलंड यांनी १९५८ साली हे दोन्ही परिणाम एकाच प्रयोगात दाखवले. ५५ ते १४१ ग्रॅमच्या मालिकेत मान तिच्या वरच्या टोकापाशी असले तर निर्णय त्याच्याकडे झुकले; ते मालिकेपासून दूर दूर नेले तसे निर्णय त्याच्यापासून मागे हटले.

परंतु अंतर हे एकच कारण पुरेसे नव्हते. निरीक्षकाने उत्तर कोणत्या भाषेत द्यायचे, हाही प्रश्न होता. ‘मोठा उंदीर’ आणि ‘लहान हत्ती’ असे म्हणणारा माणूस उंदराला हत्तीहून मोठा समजत नसतो. ‘मोठा’ हा शब्द तो दोन ठिकाणी दोन वेगळ्या मानांनी वापरतो. हार्वर्डचे एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९५८ साली हेल्सनविरुद्ध नेमका हाच आक्षेप घेतला. मान बदलल्याने वजनाची संवेदना बदलत नाही, ‘जड’ या शब्दाची व्याप्ती बदलते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी डॉनल्ड कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि १९६१ साली क्रँट्झ व कॅम्बेल यांनी, हा वाद प्रयोगाने सोडवण्याचा प्रयत्न केला. ज्या मापाचा अर्थ प्रयोगशाळेबाहेर पक्का ठरलेला आहे अशा मापात, उदाहरणार्थ इंचांत, रेषेची लांबी सांगावयास लावली तर विषमीभवन उरते काय, असा त्यांचा प्रश्न होता. ते कमी झाले तरी नाहीसे झाले नाही.

मानसशास्त्रज्ञ १९५८ साली ज्या प्रश्नापाशी आले, त्याची मांडणी एका भाषाशास्त्रज्ञाने आधीच करून ठेवली होती. एडवर्ड सपीर यांचा क्रमनिर्देशाच्या अर्थविचारावरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९४४ साली, एका तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश असा : ‘अधिक’ आणि ‘उणे’ यांची जाणीव मोजण्याच्या व गणण्याच्या आधीची आहे. ‘मोठा’, ‘लहान’, ‘पुष्कळ’, ‘थोडे’ हे शब्द वस्तूचे गुण सांगतात असे वाटते. प्रत्यक्षात ते एका गृहीत बिंदूपासूनची दिशा सांगतात. भाषा तो बिंदू लपवते, आणि त्यामुळे सापेक्ष विधानाला निरपेक्ष विधानाचे रूप येते. मार्टिन व म्युलर यांचा ‘निरपेक्ष ठसा’ आणि हेल्सनची ‘समायोजन-पातळी’ यांच्यामध्ये जो दुवा हवा होता, तो सपीर यांनी दिला होता. प्रयोगशाळेत मात्र त्याची दखल फारशी घेतली गेली नाही, आणि भाषाभ्यासकांनीही त्याला प्रयोगाची जोड दिली नाही. या दुराव्याची किंमत दोन्ही शास्त्रांना मोजावी लागली.

५

१९७४ साली अमोस ट्व्हर्स्की व डॅनिएल काह्नमन या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांचा अनिश्चिततेतील निर्णयांवरील निबंध प्रसिद्ध झाला आणि या विषयाचे स्वरूप पालटले. तोवर तुलनामान हे प्रस्तुत वस्तूच्या जातीचे असे. वजनाला वजन, रेषेला रेषा. या दोघांनी उघड उघड असंबद्ध संख्या पुढे केली. ० ते १०० आकड्यांचे एक चक्र निरीक्षकासमोर फिरवले जाई. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी त्याची योजना होती. संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे शेकडा प्रमाण या आकड्याहून कमी की अधिक, हे आधी सांगायचे आणि मग प्रत्यक्ष प्रमाण अंदाजाने द्यायचे. ज्यांच्यापुढे १० आला त्यांच्या अंदाजांचा मध्यक २५ निघाला. ज्यांच्यापुढे ६५ आला त्यांचा ४५. अचूक उत्तराला बक्षीस ठेवूनही फरक कमी झाला नाही.

दुसरा दाखला शाळेतील मुलांचा आहे. ८ पासून १ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार पाच सेकंदांत अंदाजाने सांगायचा होता. ८ × ७ × ६ अशा उतरत्या क्रमाने मांडलेला गुणाकार पाहणाऱ्यांचा मध्यक २,२५० आला, आणि १ × २ × ३ अशा चढत्या क्रमाने पाहणाऱ्यांचा ५१२. खरा गुणाकार ४०,३२० आहे. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर जो आकडा हाती लागला तोच मान झाला, आणि तेथून पुढे सरकणे दोन्हीकडे अपुरे पडले. या परिणामाला त्यांनी ‘अँकरिंग’ म्हणजे नांगर टाकणे असे म्हटले, आणि नांगरापासून माणूस सरकतो पण पुरेसा सरकत नाही असे त्याचे कारण दिले.

येथे ब्राउनचे तबक आठवणे उचित होईल. तबकाचा भार मान बनला नाही, मग चक्रावरचा आकडा का बनला? भेद प्रश्नात आहे. तबक केवळ उचलले गेले होते. चक्रावरच्या आकड्याबद्दल मात्र ‘याहून कमी की अधिक’ असे विचारले गेले. ‘हून’ या एका प्रत्ययाने असंबद्ध आकडा तुलनेच्या वर्गात आला. या प्रयोगाचा भाषिक गाभा हा आहे, आणि पुढील संशोधनात चक्रापेक्षा प्रश्नाकडे जे लक्ष वळले त्याचे कारणही हेच होय.

६

प्रश्नाच्या शब्दांचा संख्येवर होणारा परिणाम याच सुमारास स्वतंत्रपणे मोजला जात होता. परस्परविरुद्ध विशेषणांच्या जोडीतील एक पद तटस्थ असते आणि दुसरे विशेष अर्थाने चिन्हित असते, हे भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. ‘तो किती उंच आहे?’ हा प्रश्न बुटक्या माणसाबद्दलही विचारता येतो. ‘तो किती बुटका आहे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने बुटकेपण आधीच मान्य केलेले असते. रिचर्ड हॅरिस यांनी १९७३ साली इंग्रजीतील अशाच जोड्या घेऊन एका बास्केटबॉल खेळाडूची उंची विचारली. ‘किती उंच’ या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांची सरासरी ७९ इंच होती, ‘किती बुटका’ या प्रश्नाला ६९ इंच. चित्रपट किती लांब होता आणि किती आखूड होता, या प्रश्नांना अनुक्रमे १३० व १०० मिनिटे अशी उत्तरे आली. प्रश्नात एकही संख्या नव्हती. विशेषणानेच मान पुरवले होते.

एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ साली हाच परिणाम क्रियापदात दाखवला. मोटारींच्या अपघाताची चित्रफीत पाहिलेल्यांना त्या मोटारी कोणत्या वेगाने जात होत्या असे विचारले. प्रश्नातील क्रियापद चुराडा होण्याइतक्या आदळण्याचे असता अंदाजांची सरासरी ताशी ४० मैलांहून थोडी अधिक आली, आणि केवळ संपर्क येण्याचे असता ३१.८ मैल. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिली काय असे विचारता, चुराडा सुचवणारे क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी होकार दिला आणि साधे धडकण्याचे क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. न्यायालयातील साक्षीच्या दृष्टीने या निष्कर्षाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. साक्षीदाराने सांगितलेला वेग हा त्याच्या स्मृतीचा आकडा म्हणून लिहून घेतला जातो. त्यात वकिलाच्या क्रियापदाचा वाटा किती, हे लेखी नोंदीत उरत नाही.

लॉफ्टस यांच्या १९७५ सालच्या निबंधातील एक उदाहरण पाहणीच्या प्रश्नावलीला अधिक जवळचे आहे. डोकेदुखीवरची दुसरी किती औषधे वापरून पाहिली, ‘१, २ की ३?’ असे विचारता सरासरी ३.३ आली, ‘१, ५ की १०?’ असे विचारता ५.२. जर्मनीत नॉर्बर्ट श्वार्त्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दूरचित्रवाणी रोज किती वेळ पाहता हा निरुपद्रवी प्रश्न उत्तरांच्या दोन श्रेणींसह विचारला. पहिली श्रेणी अर्ध्या तासापासून सुरू होऊन ‘अडीच तासांहून अधिक’ येथे संपत होती. दुसरी ‘अडीच तासांपर्यंत’ येथे सुरू होऊन साडेचार तासांच्या पुढे जात होती. पहिल्या गटात अडीच तासांहून अधिक पाहणारे १६.२ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ३७.५ टक्के. श्रेणीचा मध्य म्हणजे सामान्य माणसाची सवय, असा अर्थ उत्तर देणाऱ्यांनी लावला आणि त्या सवयीच्या मानाने स्वतःला बसवले.

कोणीही न विचारता भाषेतच मुरलेली मानेही आहेत. एलिनॉर रॉश यांनी १९७५ साली दाखवले की, लोक अकराला ‘जवळजवळ दहा’ म्हणतात, पण दहाला ‘जवळजवळ अकरा’ म्हणत नाहीत. पूर्ण संख्या ही मान असते आणि शेजारच्या संख्या तिच्या अपेक्षेने पाहिल्या जातात. मराठीची संख्यानामे या दृष्टीने बोलकी आहेत. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांत पुढचे दशक मान धरून एक उणा केलेला आहे. नव्याण्णव हा या रांगेतील अपवाद. पावणेदोन आणि सव्वादोन या दोहोंचे मान दोन हेच. अर्थात केवळ संख्यानामांच्या घडणीवरून अंदाजातील झुकाव सिद्ध होत नाही. परंतु भारतातील खानेसुमारीत ० व ५ या अंकांनी संपणाऱ्या वयांवर जी दाटी होते ती लोकसंख्याशास्त्रज्ञांना चांगली परिचित आहे. ज्याला आपले वय नेमके ठाऊक नाही तो सत्तेचाळीस सांगत नाही. पंचेचाळीस किंवा पन्नास सांगतो.

७

परिणाम निर्विवाद ठरला तरी त्याच्या कारणाविषयी एकमत झाले नाही. फ्रिट्झ श्ट्राक व टोमास मुसवाइलर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली महात्मा गांधींच्या मृत्यूसमयीच्या वयाबद्दल विचारले. एका गटाला ते ९ वर्षांच्या आधी वारले की नंतर, आणि दुसऱ्याला १४० वर्षांच्या आधी की नंतर, असा प्रश्न होता. दोन्ही मानांचा मूर्खपणा उघड होता. तरी पहिल्या गटाची सरासरी सुमारे ५० आणि दुसऱ्याची सुमारे ६७ आली. गांधीजींचे खरे वय ७८ होते. या संशोधकांच्या मते मानाशी तुलना करताना मन मानाशी जुळणारी माहितीच आधी वर काढते, आणि पुढचा अंदाज त्या माहितीवर बांधला जातो.

शेन फ्रेडरिक व डॅनिएल मोचन यांनी २०१२ साली याला वेगळे वळण दिले. आधी एखाद्या लहान प्राण्याचे वजन अंदाजायला लावले की पुढे जिराफाच्या वजनाचा अंदाजही खाली येतो. त्यांच्या मते येथे जिराफाबद्दलचे मत बदलत नाही. लहान आकड्यानंतर ‘हजार’ हा आकडाच अधिक भारी वाटू लागतो. म्हणजे ‘जड’ हा शब्द जसा मानाबरोबर ताणला जातो तशीच संख्याही ताणली जाते. हे मत ग्राह्य धरले तर समीभवन व विषमीभवन ही एकाच क्रियेची दोन रूपे ठरतात : मान लहान असता वस्तू ‘अधिक जड’ म्हटली जाते, आणि तीच वस्तू सांगण्यास लहान आकडा पुरतो. सपीर व स्टीव्हन्स यांनी शब्दांविषयी जे म्हटले ते संख्यांनाही लागू पडते, असा याचा निष्कर्ष आहे. वाद अद्याप मिटलेला नाही.

परिणाम खरा आहे किंवा कसे, याची मोठी फेरतपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. अनेक प्रसिद्ध प्रयोग ३६ ठिकाणच्या नमुन्यांवर, सहा हजारांहून अधिक व्यक्तींवर, पुन्हा करण्यात आले. त्यांतील काही टिकले नाहीत. अँकरिंगचे चारही प्रयोग मात्र टिकले, आणि परिणाम मूळ प्रयोगांहूनही ठळक दिसला. ज्ञान हा यावर पुरेसा उतारा नाही, हेही स्पष्ट झाले आहे. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट व मार्गारेट नील यांनी १९८७ साली अमेरिकेतील टूसॉन येथे घरांच्या व्यवहारातील व्यावसायिक दलालांना एक घर प्रत्यक्ष दाखवून त्याची किंमत विचारली. मागणीची किंमत वेगवेगळी सांगितली होती, आणि अंदाज तिच्याबरोबर हलले. आपण मागणीच्या किमतीचा विचार केला असे बहुतेकांनी कबूल केले नाही. परिणामाची पूर्वसूचना दिल्यानेही तो पुसला जात नाही, असे टिमोथी विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९६ साली आढळले.

८

या इतिहासाचा भाषाभ्यासाशी दुहेरी संबंध आहे. पहिला सैद्धांतिक. तरतमभावाचे व्याकरण हा प्रत्ययांचा आणि विभक्तींचा विषय म्हणून शिकवला जातो. ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय ज्या पदाला लागते ते पद ऐकणाऱ्याच्या पुढील संख्येला आपल्याकडे ओढते, हे वर्णन त्या व्याकरणात आजवर आलेले नाही. एकशे ऐंशी वर्षांच्या प्रयोगांनी ते वर्णन जवळजवळ तयार करून ठेवले आहे.

दुसरा संबंध पद्धतीचा आहे आणि तो अधिक निकडीचा आहे. भाषापाहणीत गोळा होणारे पुष्कळसे आकडे मोजलेले नसतात. ते कोणी तरी दिलेले अंदाज असतात. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीत भाषकांच्या संख्या जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांनी पुरवलेल्या माहितीवर आणि १८९१ च्या खानेसुमारीवर आधारलेल्या होत्या. आजही एखाद्या लहान बोलीचे भाषक गावात किती, घरात ती किती वेळ बोलली जाते, किती मुलांना ती कळते, ही माहिती विचारूनच मिळवावी लागते. ‘ही बोली बोलणारी शंभर तरी माणसे उरली असतील का?’ या प्रश्नाला मिळालेला आकडा आणि ‘ही बोली किती माणसे बोलतात?’ या प्रश्नाला मिळालेला आकडा एकाच स्तंभात मांडता येत नाहीत. ‘उरली’ हे क्रियापद एक मान आहे आणि ‘शंभर’ हे दुसरे. अहवालात आकडा राहतो आणि प्रश्न गळतो; पुढे त्या आकड्यावरून बोली जगती की मरती हे ठरवले जाते, आणि तिच्यासाठी शाळा, पुस्तके व पैसा यांची तरतूद व्हावी की नाही हेही.

यावर उपाय साधे आहेत. जेथे शक्य असेल तेथे संख्या आधी विचारावी, श्रेणी नंतर द्यावी. श्रेणी अपरिहार्य असेल तर तिची दोन रूपे करून नमुना विभागावा, म्हणजे मानाचा वाटा किती हे त्याच पाहणीत कळते. माहिती देणाऱ्याने दुसऱ्याचा आकडा ऐकला होता काय, हे नोंदवावे. शेरीफच्या अंधाऱ्या खोलीप्रमाणे गावच्या पारावरही आकडे एकमेकांकडे सरकतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रश्न ज्या शब्दांत, ज्या क्रमाने आणि ज्या भाषेत विचारला त्या शब्दांत तो आकड्याशेजारी जतन करावा. जुन्या कागदपत्रांतील संख्या वाचणाऱ्या इतिहाससंशोधकालाही हाच नियम लागू आहे. सैन्याची, मृतांची किंवा लुटीची संख्या लिहिणाऱ्याने ती कोणत्या संख्येच्या मानाने लिहिली, हे पाहिल्याशिवाय ती संख्या खरी की खोटी हा प्रश्न विचारणे घाईचे ठरते.

मानाशिवाय तुलना नाही आणि तुलनेशिवाय अंदाज नाही. तराजूवर वजनाचा शिक्का तपासता येतो, कारण वजन पारड्यात दिसत असते. माणसाच्या अंदाजातील वजन प्रश्नात असते. उत्तराबरोबर प्रश्नही लिहून ठेवला, तर पुढच्या संशोधकाला निदान तो शिक्का तपासता येईल.